राखणीचं मीठ

डॉक्टरांनी आईला मीठ कमी करायला सांगितलं. त्याच संध्याकाळी मी फडताळातल्या सगळ्या बाटल्या, बरण्या, पाकिटं टेबलावर मांडली आणि मागची बारीक अक्षरं वाचत बसलो. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. आमच्या टोमॅटो सॉसच्या बाटलीवर १०० ग्रॅममागे जवळजवळ १ ग्रॅम सोडियम लिहिलेलं होतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे अडीच ग्रॅम. सुपाच्या वड्यांच्या घटकांत तर पहिलंच नाव मिठाचं होतं, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. स्वयंपाक करताना आई चिमटीतून चिमूट कमी करत होती आणि इथे बाटल्यांतून चमचे सांडत होते.

"मग हे सगळं घरीच करायचं," आई म्हणाली. "आपण घालू तेवढंच मीठ."

मलाही तेव्हा ते इतकं सरळ वाटलं. घरी करायचं, मीठ निम्मं करायचं, झालं. पुढचे पाच महिने आम्ही दोघांनी मिळून सॉस केला, मोहरीची चटणी केली, शिरका (व्हिनेगर) घातला, मिरच्या आंबवल्या, मेयोनीज घोटलं. काही बरण्यांत मीठ निम्मं केलं तरी काहीच बिघडलं नाही. एका बरणीने मात्र पाचव्या दिवशी जबाब दिला. काही बरण्यांत मीठ फक्त चवीला असतं आणि काहींत ते राखणीला बसलेलं असतं. कुठल्या बरणीत काय, हे कळायला मला बरण्या फुकट घालवाव्या लागल्या.

सुरुवात टोमॅटोपासून केली. तीन किलो टोमॅटो आदल्या रात्री चिरून पातेल्यात ठेवले, म्हणजे सकाळी लवकर चूल पेटवता येईल. सकाळी मंद आचेवर आटवायला घेतले. अडीच तास ढवळूनही सॉस दाट होईना. बरणीत भरला तर दुसऱ्या दिवशी वर बोटभर पाणी आणि खाली लाल गाळ. चव चांगली होती, पण ते काही सॉस म्हणून वाढण्यासारखं नव्हतं.

चूक रात्री चिरून ठेवण्यात होती. टोमॅटोला दाटपणा देणारं पेक्टिन पेशींच्या भिंतीत असतं आणि ते तोडणारी विकरंही (एन्झाइम्स) त्याच टोमॅटोत असतात. फळ अखंड असतं तोवर दोघं आपापल्या जागी असतात. चिरलं की एकत्र येतात आणि विकरं कामाला लागतात. कडक उष्णता लागली की ती निकामी होतात. म्हणून दुसऱ्या वेळी पातेलं आधी चांगलं तापवलं, चारच टोमॅटो चिरून लगेच त्यात टाकले, उकळी फुटली की पुढचे चार. असं करत तीन किलो संपवले. गाळून साल आणि बिया काढल्या, कांदा आणि मसाल्याची पुरचुंडी सोडली आणि मोठ्या आचेवर आटवलं. वर जाळीचं झाकण हवंच, नाहीतर दाट होत आलेला रस बुडबुडा फुटला की हातावर उडतो आणि चांगलाच भाजतो.

झालं की नाही हे बघायला एक बशी फ्रीजमध्ये ठेवली होती. तिच्यावर चमचाभर सॉस टाकायचा आणि मिनिटभर बघत राहायचं. पहिल्यांदा थेंबाभोवती पाण्याचं फिकट गुलाबी कडं सुटलं. दहा मिनिटांनी परत टाकला, कडं बारीक झालं. तिसऱ्यांदा थेंब जिथे पडला तिथेच बसून राहिला, त्याची कड चमकत होती, बशी तिरकी केली तरी तो सावकाश सरकला. तेव्हा आच बंद केली. तीन किलोंचा जेमतेम ८०० ग्रॅम सॉस झाला. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं, तेव्हा यात नवल नाही. शिरका अगदी शेवटी घातला, कारण आधी घातला तर त्याचा वास वाफेबरोबर निघून जातो. साखर १०० ग्रॅम. मीठ फक्त ६ ग्रॅम, म्हणजे पाऊण टक्का. बाटलीतल्यापेक्षा तिपटीहून कमी.

आणि तो टिकला. फ्रीजमध्ये महिनाभर राहिला, शेवटच्या चमच्यापर्यंत चांगला होता. सॉसची राखण टोमॅटोचा स्वतःचा आंबटपणा, शिरका आणि साखर करतात, वर फ्रीजची थंडी. मीठ तिथे चवीसाठीच असतं. मी पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, मोजायच्या कागदी पट्ट्या आणल्या होत्या. पट्टीने ४ च्या खालचा रंग दाखवला. ४.६ हा आकडा या कामात मोलाचा. त्याच्या खाली, म्हणजे जास्त आंबट असलेल्या पदार्थात, अन्नातून विषबाधा करणारा सर्वांत घातक जिवाणू वाढू शकत नाही. टोमॅटो नुसता घेतला तर कधी या रेषेच्या अलीकडे, कधी पलीकडे असतो. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये, शिरका किंवा लिंबू हवंच.

शेंगदाण्याच्या लोण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाजलेले दाणे मिक्सरमध्ये फिरवत राहायचे. आधी कूट होतो, मग त्याचा गोळा होऊन भांड्याला चिकटतो आणि वाटतं की बिघडलं. थांबून कडा खरवडून परत फिरवलं की तेल सुटतं आणि सगळं चकचकीत होऊन वाहू लागतं. पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. लागला तर घट्ट गोळा होतो, शिवाय टिकतही नाही. हा पदार्थ टिकतो तो कोरडा असतो म्हणून. मिठाचं तिथे काही काम नाही, आम्ही घातलंच नाही. आईला पहिले दोन दिवस अळणी लागलं, मग नाही.

मोहरीवर मात्र मी खूप वेळ घालवला आणि तो वेळ मला फार आवडला. पिवळी आणि काळी मोहरी निम्मी निम्मी घेऊन कुटली. पहिल्या दिवशी, लवकर मुरेल म्हणून, उकळतं पाणी ओतलं. लगदा झाला, पण त्याला ना झणका ना वास, नुसता कडूपणा. आईने जिभेला लावून बाजूला ठेवलं. "अरे, मोहरी फेसायची ती गार पाण्यात," ती म्हणाली. "गरम पाण्यात ती मरते."

ती मरते हे अगदी खरं आहे. कोरड्या मोहरीत तिखटपणा नसतोच. दाणा तोंडात टाकून नुसता धरून ठेवला तर काही होत नाही, चावला तर थोड्या वेळाने चढतो. दाण्यात एक पदार्थ असतो आणि त्याला फोडणारं विकर वेगळ्या कप्प्यात असतं. कुटलं, पाणी मिळालं, की दोघांची गाठ पडते आणि तो नाकात जाणारा झणका तयार होतो. उकळतं पाणी विकर मारून टाकतं, मग झणका येणार कुठून?

दुसऱ्या दिवशी दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत सारखीच पूड. एकीत गार पाणी घालून फेसली आणि दहा मिनिटं झाकून ठेवली, मग शिरका घातला. दुसरीत पाणी आणि शिरका सुरुवातीलाच एकत्र घातले. पहिल्या वाटीवरचं झाकण काढून आईने वास घेतला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसरी वाटी सौम्य, जरा गोडसर वासाची. शिरक्याचा आंबटपणा विकराचं काम रोखतो. आधी घातला तर झणका तयार व्हायलाच वाव मिळत नाही. झणका पुरता चढल्यावर घातला तर तो आहे तिथे टिकून राहतो. न घातला तर फेसलेली मोहरी काही तासांत उतरते. म्हणजे शिरका कधी घालायचा, यावर मोहरीचा सगळा स्वभाव ठरतो. हे वाचून कळलं असतं, पण दोन वाट्या शेजारी ठेवून हुंगल्यावर जे डोक्यात बसलं ते कायमचं बसलं.

पहिल्या दिवशी दोन्ही कडू होत्या. टाकून देऊ नका. मी रोज सकाळी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखत होतो. तिसऱ्या दिवशी कडूपणा मागे सरला, सहाव्या दिवशी जिभेला शोधूनही सापडेना. मीठ घातलं १०० ग्रॅमला एक ग्रॅम, न घालताही चाललं असतं. शिरका आहे, आणि मोहरीचा तो झणका स्वतःच जिवाणूंना वाढू देत नाही. आईसाठी ही सगळ्यांत कामाची बरणी ठरली. उकडलेल्या बटाट्याला ती चमचाभर लावली की मिठाची आठवण होत नाही.

शिरका घरी घालायची हौस सफरचंदांच्या सालींमुळे आली. साली आणि गाभे बरणीत, कपभर पाण्याला मोठा चमचा साखर, वर मलमलचा तुकडा आणि दोरा. झाकण नाही लावायचं, कारण यात दोन कामं पाठोपाठ होतात. आधी यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. मग दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात आणि त्यांना हवा लागतेच. लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं, की शिरका होणं हे जिवंत जिवांचं काम आहे. पहिल्या आठवड्यात बरणी फसफसली, वास गोड होता. तीन आठवड्यांनी साली गाळून काढल्या. पुढे काही दिवस नखांच्या रंगासारखा उग्र वास आला आणि मी बरणी ओतून द्यायला निघालो होतो. आईने हात धरला. "थांब, अजून तिचं चाललंय." दीड महिन्याने पृष्ठभागावर दुधावर धरते तशी साय दिसली, फक्त जाड, लिबलिबीत आणि अर्धवट पारदर्शक. तीच शिरक्याची माय. जिवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा पापुद्रा. तिचा तुकडा नव्या बरणीत घातला की काम लवकर सुरू होतं.

या शिरक्याची चव मला विकतच्यापेक्षा कितीतरी आवडते. पण तो मी फक्त कोशिंबिरीवर घालतो, टिकवायच्या बरणीत नाही. बाजारातल्या शिरक्याच्या बाटलीवर आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं, बहुधा ४ किंवा ५ टक्के, आणि टिकवायच्या कृती त्याच हिशेबाने बांधलेल्या असतात. घरच्यात किती टक्के आम्ल आहे ते कागदी पट्टी सांगत नाही. पट्टी पीएच दाखवते, आम्लाचं प्रमाण नाही. चव कितीही आंबट लागो, राखणीचं काम मी अंदाजावर सोपवत नाही.

आता मिरच्या. मी खरा शिकलो तो इथे. पिकलेल्या लाल मिरच्या मिठात आंबवून सॉस करायचा होता. आंबवलेल्या सॉसला जी खोल चव असते ती शिरक्याने येत नाही. कृतींत सगळीकडे मिरच्यांच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के मीठ होतं. मी आईसाठी करत होतो, तेव्हा मनाशी म्हटलं, एक टक्का घालू. अर्धा किलो मिरच्यांना ५ ग्रॅम. मिरच्या भरड वाटल्या, चार लसूण पाकळ्या घातल्या, बरणीत दाबून भरल्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत ठीक होतं. चौथ्या दिवशी चमचा घातला तर मिरच्या मऊ, बुळबुळीत लागल्या, चमच्याला तार आली. पाचव्या दिवशी काचेच्या कडेने हिरवट काळी बुरशी, त्यावर बारीक केस. वरची बुरशी काढून खालचं वापरायचा मोह झाला, कारण खालचा रंग अजून सुंदर लाल होता. पण बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. बरणी आहे तशी टाकली.

मीठ तिथे चवीचं नव्हतंच. मिरचीवर हजार प्रकारचे जीव असतात. पुरेसं मीठ असलं की नासवणाऱ्यांचा जोर ओसरतो आणि आंबवणारे जिवाणू, ज्यांना तेवढं मीठ सोसतं, ते पुढे सरकतात. ते आम्ल तयार करतात आणि मग आम्लच बाकीच्यांना हुसकावतं. पहिले काही दिवस आम्ल तयार व्हायचं असतं, तेवढ्या दिवसांची राखण मिठाकडे असते. मी राखणदारच निम्म्याहून कमी केला होता.

दुसऱ्या वेळी अडीच टक्के, काट्यावर मोजून साडेबारा ग्रॅम. चमच्याने मोजू नका, बारीक आणि जाड मिठाचा चमचा सारख्या वजनाचा नसतो. वर छोट्या काचेच्या बशीचं वजन ठेवलं, म्हणजे मिरच्या स्वतःच्या रसाखाली राहतील. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणी उचलली तर आतून बारीक बुडबुडे काचेला घासत वर येत होते. झाकण जरा सैल केलं की फुस्स आवाज आणि पाठोपाठ पिकल्या फळासारखा, आंबूस, तिखट वास. आई दुसऱ्या खोलीतून म्हणाली, "आज झालंय काहीतरी चांगलं." दहाव्या दिवशी पट्टी ३.६ च्या रंगाला आली. मग वाटून, थोडा शिरका घालून, गाळून बाटलीत भरलं.

आणि मग आईच्या मिठाचं काय? तो हिशेब मी आधीच करायला हवा होता. अडीच टक्के ऐकायला फार वाटतात. पण हा सॉस कोणी वाटीने खात नाही. चहाचा चमचा म्हणजे ५ ग्रॅम, त्यात मीठ आठवा हिस्सा ग्रॅम. दिवसाच्या ५ ग्रॅममध्ये ते सहज बसतं. सुपाच्या वड्यांचं तसं नव्हतं, त्यांचं सूप वाटीभर पोटात जात होतं. म्हणून त्यांच्याऐवजी भाज्यांचा काढा मीठ न घालता आटवून बर्फाच्या साच्यात गोठवला. घरगुती भाज्यांच्या लगद्यात लोक भरपूर मीठ घालतात ते राखणीलाच. आम्ही ते काम फ्रीझरला दिलं.

मेयोनीजला राखण फारशी नसतेच, म्हणून ते थोडं करायचं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. वयस्कर माणसाला कच्चं अंडं देऊ नये, त्यामुळे पिवळा बलक, लिंबाचा रस आणि दोन चमचे पाणी उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात सतत हलवत ७१ अंशांपर्यंत नेलं, मग गार केलं. त्यात चमचाभर आपलीच मोहरी आणि मग तेल, सुरुवातीला खरोखर थेंब थेंब. एकदा मी घाई केली आणि सगळं फाटलं, तेलाची तळी आणि पिवळे दाणे. स्वच्छ वाटीत चमचाभर मोहरी घेऊन ते फाटलेलं मिश्रण तिच्यात थेंबाथेंबाने घोटलं तर परत जमून आलं.

एक बरणी मात्र अशी होती, की तिच्याबद्दल लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो. अगदी पहिल्या आठवड्यात मी लसूण घातलेलं तेल केलं होतं. सोललेल्या कच्च्या पाकळ्या, वर चांगलं तेल, घट्ट झाकण, ओट्यावर ठेवलेली बरणी. मीठ शून्य, म्हणून मला तिचं कौतुकच होतं. आईने झाकण उघडून हुंगलं आणि म्हणाली, "काय सुरेख वास येतोय रे." दोन दिवस तिच्या सुपावर मी त्याचे थेंब सोडत होतो.

पीएचच्या पट्ट्यांबद्दल वाचता वाचता बोट्युलिझमचं, म्हणजे त्याच सर्वांत घातक जिवाणूच्या विषाने होणाऱ्या आजाराचं, पान समोर आलं. या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि लसूण मातीतच वाढतो. साध्या उकळण्याने ते मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांची उष्णता लागते. त्यांना वाढायला हवा नको असते आणि आंबटपणा नको असतो. तेलाखाली बुडालेल्या लसणाला यातलं दोन्ही मिळत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये अशाच तेलातल्या लसणाने ३६ जण आजारी पडले होते. आणि त्या विषाला वास नसतो, चव नसते, रंग नसतो.

मी त्याच क्षणी उठलो. आईला काही त्रास झाला नव्हता, तरी पुढचे बरेच दिवस मी तिला सकाळी उठल्याबरोबर विचारायचो, एकाचे दोन दिसत नाहीत ना, गिळायला जड जात नाही ना. बरणी झाकणासकट पिशवीत बांधून टाकली, चमचा आणि ओटा धुऊन काढला. आईला सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. आयुष्यभर तिने दूध, डाळ, फळ, सगळं नाकाने पारखलं आणि ते बरोबर पारखलं.

"म्हणजे माझं नाक इथे चालत नाही," ती म्हणाली.

"इथे कुणाचंच चालत नाही, आई."

आता लसणाचं तेल हवं असलं तर लागेल तेवढंच त्या वेळी करतो आणि उरलं तर टाकतो.

त्या दिवसापासून आईने प्रत्येक बरणीला कागद चिकटवायला सुरुवात केली. वर तारीख, खाली राखण कोण करतंय ते. सॉसवर "आंबट, साखर, फ्रीज". मोहरीवर "शिरका". शेंगदाण्याच्या लोण्यावर "कोरडं, ओला चमचा नको". मेयोनीजवर "कोणी नाही, गुरुवारपर्यंत संपवा". मिरच्यांची तिसरी बरणी परवाच भरली. मी मिरच्यांचं वजन सांगितलं, तिने वहीत हिशेब केला, काट्यावर वाटी ठेवून मीठ ओतलं, साडेबारावर काटा आला तेव्हा हात थांबवला. मग कागद लिहून बरणीला लावला. "मीठ अडीच टक्के. कमी करू नये." आणि खाली रेघ मारली.